बस क्रमांक ३०० आणि खटल्याआधीची माफी

मोसाद आणि इस्रायली कमांडोंच्या शौर्यकथा मराठीत खंडीभर आहेत. एन्टेबेच्या ओलिसांची सुटका, म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडाचा सूड, नाझी अधिकारी आइशमनला अर्जेंटिनातून उचलून आणणं, सगळं आवडीने वाचलं जातं. कुणी इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षावरची थरारकथा सुचवा म्हटलं की कमेंट्समध्येही हेच येतं. मला मात्र त्या भूमीतली सर्वांत थरारक गोष्ट चौकशी समित्यांच्या आणि सुप्रीम कोर्टाच्या कागदांत सापडली. ती खरी घडलेली आहे. तिच्यात गुन्हेगार सुटतात, आणि ते कसे सुटतात हे वाचताना माझा संताप अजूनही कमी होत नाही.

१२ एप्रिल १९८४. तेल अवीवहून अश्कलोनला निघालेली ३०० क्रमांकाची बस गाझा पट्टीतल्या चार पॅलेस्टिनी तरुणांनी पळवली. टायरवर गोळ्या झाडून ती गाझा पट्टीत, देर अल-बलाहजवळ थांबवली गेली. पहाटे कमांडो आत घुसले. प्रवाशांपैकी एकोणीस वर्षांची एक सैनिक मुलगी त्यात मारली गेली. दोन अपहरणकर्ते बसमध्येच ठार झाले. उरलेल्या दोघांबद्दल, तेही मेले, एवढंच देशाला सांगण्यात आलं.

ते दोघे जिवंत पकडले गेले होते. मजदी आणि सुभी अबू जुमा, खान युनिसजवळच्या बनी सुहैला गावचे चुलतभाऊ. अलेक्स लेवाक या छायाचित्रकाराने त्यांच्यापैकी मजदीचा फोटो काढला होता. हात बांधलेले, दोन्ही बाजूंनी माणसांनी धरलेला, स्वतःच्या पायांनी चालणारा माणूस. लेवाक ज्या दैनिकात होता त्या ‘हदाशोत’ने सेन्सॉरला न जुमानता या मृत्यूंसाठी चौकशी समिती नेमल्याची बातमी छापली, तर दैनिकच काही दिवस बंद करण्यात आलं. फोटोतला तरुण कोण हे बनी सुहैलातल्या लोकांनी ओळखलं. शिन बेट या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या माणसांनी दोघांनाही डोकी फोडून मारलं होतं. हुकूम संस्थेचे प्रमुख अव्राहम शालोम यांचा. मारणाऱ्यांपैकी एहुद यातोमने हे १९९६ मध्ये एका वर्तमानपत्राला स्वतः सांगितलं.

इथे आपल्यातले बरेच जण म्हणतील, अतिरेकीच होते, बरं झालं. बसभर निरपराध माणसांना ओलीस धरणं हा भयंकर गुन्हा आहे आणि त्याची जबर शिक्षा त्यांना व्हायलाच हवी होती. पण ती कोर्टाने द्यायची असते. हात बांधलेल्या कैद्याला आडबाजूला नेऊन मारणं हा खून आहे, कैदी कुणीही असो. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी पुढचं जरूर वाचावं, कारण तो खून पचवण्यासाठी जे करावं लागलं त्याने इस्रायलचा स्वतःचा एक जनरल जवळजवळ संपवला.

निवृत्त जनरल मेइर झोरेआ यांची चौकशी समिती बसली. तिच्यात शिन बेटचा प्रतिनिधी म्हणून योसी गिनोसार बसला. समितीत काय चाललंय हे तो आपल्या वरिष्ठांना कळवत राहिला आणि साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळतील अशी व्यवस्था झाली. संशय वळवला गेला बसवरच्या कारवाईचे प्रमुख ब्रिगेडियर जनरल यित्झाक मोर्देखाय यांच्यावर. त्यांनी पकडलेल्यांना पिस्तुलाच्या दस्त्याने मारलं होतं, हे खरं. पण जीव त्यांनी घेतला नव्हता, आणि हे शालोमना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. १९८५ मध्ये मोर्देखाय सुटले. स्वतःच्या सैन्यातल्या माणसाच्या गळ्यात खून अडकवायला निघालेली संस्था गाझातल्या सामान्य माणसाच्या बाबतीत काय करत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मग तीन वरिष्ठ अधिकारी उठले. रुवेन हझाक, राफी मल्का आणि पेलेग रादाय. हझाक तर उपप्रमुख होते. ते पंतप्रधान शिमोन पेरेस यांच्याकडे गेले. पेरेसनी ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. तिघांनाच नोकरी सोडावी लागली. त्यानंतर प्रकरण पोहोचलं ॲटर्नी जनरल यित्झाक झामिर यांच्या टेबलावर.

या गोष्टीचा नायक माझ्या मते झामिर हा कायद्याचा प्राध्यापक आहे. तेव्हा पेरेस यांचा लेबर आणि शामिर यांचा लिकुड या दोन पक्षांचं एकत्र सरकार होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये पंतप्रधानपद पेरेसकडून यित्झाक शामिर यांच्याकडे जायचं ठरलं होतं. आणि १९८४ च्या त्या रात्री पंतप्रधान होते शामिरच. शालोम म्हणत होते, मी वरच्या परवानगीने केलं. शामिर नाकारत होते. चौकशी नीट झाली असती तर सरकार कोसळलं असतं. दोन्ही पक्षांना ती नको होती. झामिर यांनी तरीही पोलिसांत तक्रार दिली. पद सोडायची इच्छा त्यांनी आधीच कळवली होती, पण आता सरकारला एकदम घाई झाली. १ जून १९८६ ला योसेफ हरीश त्यांच्या जागी आले. २५ जूनला राष्ट्राध्यक्ष खाइम हर्झोग यांनी शालोम आणि आणखी तिघांना माफी दिली. पुढे इतरांनाही मिळाली. आरोपपत्र नाही, खटला नाही, साक्ष नाही, आणि माफी! कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं.

सुप्रीम कोर्टात याला आव्हान मिळालं. बारझिलाय विरुद्ध सरकार, ऑगस्ट १९८६. दोन विरुद्ध एक मतांनी माफी टिकली. विरोधातलं मत आहरोन बराक यांचं. दोष सिद्ध होण्याआधी राष्ट्राध्यक्षांना माफीचा अधिकारच नाही, ही त्यांची भूमिका. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. शिक्षेनंतरची माफी ही दया असते, कारण कुणी काय केलं हे तोवर नोंदलं गेलेलं असतं. खटल्याआधीची माफी ती नोंदच होऊ देत नाही. पोलिसांची चौकशी झाली, डिसेंबरमध्ये अहवाल आला, शामिर यांच्यावर ठपका आला नाही, खटला कुणावरही झाला नाही.

आणि प्रकरण तिथे संपलं नाही. पुढच्याच वर्षी इज्जत नाफ्सू या सर्कॅशियन (इस्रायलमधला एक छोटा मुस्लिम समाज) लष्करी अधिकाऱ्याची हेरगिरीची शिक्षा रद्द झाली, कारण कबुलीजबाब छळातून घेतला होता आणि तपास अधिकारी कोर्टात खोटं बोलले होते. गिनोसार तिथेही होता. त्यातून नेमलेल्या लांडाउ आयोगाने सांगितलं की शिन बेटचे लोक १९७१ पासून, म्हणजे सोळा वर्षं, कबुलीजबाबांबाबत कोर्टात खोटं बोलत आले. ते कबुलीजबाब मुख्यतः पॅलेस्टिनींचे होते. त्यांच्या जोरावर गेलेल्या तुरुंगवासाचा हिशेब कोण देणार? एवढं लिहूनही आयोगाने ‘माफक शारीरिक दबावा’ला परवानगी दिली! ती वाट सुप्रीम कोर्टाने बऱ्याच अंशी बंद केली ती थेट सप्टेंबर १९९९ मध्ये. निकाल लिहिणारे कोर्टाचे तेव्हाचे अध्यक्ष होते तेच आहरोन बराक.

एवढ्या सगळ्या नाट्यात मजदी आणि सुभी मात्र मागेच पडतात. या प्रकरणावरच्या इस्रायली लिखाणात चर्चा असते ती संस्थांच्या प्रतिष्ठेची, झामिरच्या धैर्याची, शिन बेटमधल्या फुटीची. त्यात ते दोघे मारले गेलेले ‘अपहरणकर्ते’ एवढेच उरतात. कुणी यावर कायद्याची थरारकथा लिहायला घेतली, तर तिची सुरुवात बनी सुहैलातून व्हावी असं मला फार वाटतं.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारणही सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेन्यामिन नेतन्याहू यांनी भ्रष्टाचाराचा खटला चालू असतानाच राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला. राष्ट्राध्यक्ष आहेत आयझॅक हर्झोग, खाइम हर्झोग यांचे चिरंजीव. दोष सिद्ध होण्याआधी माफी देता येते का, यावरच्या चर्चेत पुन्हा बारझिलायचा निकालच काढला जातोय. तो इंग्रजीत उपलब्ध आहे. लांबलचक आहे, पण ज्यांना या विषयात खरंच रस आहे त्यांनी बराक यांचं विरोधी मत तरी पूर्ण वाचावं, आणि मग इथे वाद घालायला यावं.