टफन काच फुटते म्हणून साधी काच लावू नका

बाथरूमचं काम काढलेल्या घरांत सध्या एक मेसेज फिरतोय. बाथरूमच्या दाराची टफन काच, म्हणजे तापवून मजबूत केलेली काच, आपोआप फुटते, गिझरच्या पाण्याने तडकते. त्यापेक्षा साधीच पण 12 एमएमची काच घ्या, वर फिल्म मारा, जागेवर कापून बसते. फ्रॉस्टेड, म्हणजे धुरकट काच घेतली तर डाग पडत नाहीत आणि क्षार चढलेच तर ॲसिडने पुसा. कोल्हापुरात राजारामपुरी असो की फुलेवाडी, माप घ्यायला गेलो की कुणीतरी हा मेसेज दाखवतंच. काच बसवण्याचं काम करतो म्हणून सांगतो, हा सल्ला मानला तर घरातलं माणूस कापलं जाईल.

"आपोआप फुटते." क्वचित फुटते, हे खरं आहे. काच बनताना निकेल सल्फाइडचा बारीक कण आत राहिला तर तो पुढे हळूहळू फुगतो आणि काच फोडतो. कारखान्यात हीट सोक टेस्ट केली, म्हणजे तयार काच पुन्हा तापवून बघितली, की अशा बहुतेक काचा तिथेच फुटून बाजूला पडतात. ही टेस्ट मागून घ्यावी. पण आम्ही फुटलेली काच बघायला जातो तेव्हा दोष बहुतेक कडेला असतो. टेम्पोतून उतरवताना कोपरा फरशीवर टेकलेला असतो, नाहीतर बिजागरीत गॅस्केट, म्हणजे काच आणि धातूमधली मऊ पट्टी, न घालता स्क्रू आवळलेले असतात. हा दोष बसवणाऱ्याचा.

आणि फुटली तर कशी फुटते, हे मेसेज सांगतच नाही. टफन काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबाखाली राहतो, ताकद साध्या काचेच्या चार-पाच पट होते, आणि फुटलीच तर बारीक, बोथट तुकडे पडतात. खरचटतं, क्वचित थोडं कापतं. साध्या काचेचे मात्र लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात. साबणाच्या फरशीवरून पाय घसरून आजी त्या दारावर गेली तर काय होईल, एवढाच विचार करा.

गरम पाण्याचं तर उलटंच आहे. टफन काच जवळपास 200 अंशांचा फरक सोसते, साधी 40 च्या आसपासच तडकू शकते. थंडीतल्या पहाटे गिझरचं कढत पाणी उडालं तर काळजी साध्या काचेची करायची.

जाडीने धार कमी होत नाही, फक्त वजन वाढतं. दर चौरस मीटरला, दर एमएमला अडीच किलो. सात बाय अडीच फुटांचं दार 8 एमएममध्ये साडेबत्तीस किलोच्या आसपास, 12 एमएममध्ये जवळपास 49 किलो. मंगळवार पेठेसारख्या जुन्या पेठांत माती-विटांच्या भिंती अजून आहेत, तिथे एवढं वजन बिजागरीवर टांगलं तर भिंतीतले अँकर बोल्ट सैल होणारच. साधारण मापाच्या दाराला 8 किंवा 10 एमएम टफन पुरते.

शोभेच्या फ्रॉस्ट फिल्मने काच मजबूत होत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कडा लवकर सुटतात. तुकडे धरून ठेवणारी सेफ्टी फिल्म वेगळी आणि जाड असते. तुकडे जागेवरच राहायला हवे असतील तर लॅमिनेटेड काच घ्या, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचा.

फ्रॉस्टेडमध्ये सँडब्लास्ट केलेली, म्हणजे वाळूचा मारा केलेली बाजू खरखरीत असते. खोबरेल तेल, उटणं, साबण तिथेच धरतं, आणि ओली झाली की आरपारही दिसायला लागतं! म्हणून खरखरीत बाजू पाणी उडत नाही तिकडे ठेवायची.

ॲसिडने क्षार जातील, पण बिजागऱ्यांचं क्रोम आणि फरशीच्या फटींतलं ग्राउटही जाईल, शिवाय बंद जागेत वाफा छातीत जातात. बोअरचं पाणी असेल तर आंघोळीनंतर वायपर फिरवा, ताजे डाग व्हिनेगरने निघतात.

राहिलं जागेवर कापायचं. टफन काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, म्हणून घाई नको. भिंतीच्या फरश्या बसल्यावर माप घ्यायचं, ओळंबा लावून वर, मध्ये आणि खाली. बिजागरी-हँडलची भोकं ऑर्डरमध्येच लिहून द्या. काच आली की कोपऱ्यातला कायमचा शिक्का आणि आयएस 2553 हा भारतीय मानकाचा आकडा बघा, कडांवरून नजर फिरवा. शिक्का नसेल किंवा कोपऱ्याचा टवका उडालेला असेल तर ती काच त्याच टेम्पोतून परत पाठवा.