बोर्ड नवे बसवा, वायरी देवाच्या हवाली

जुन्या घराचं वायरिंग नवं करायचं मनात आलंय? वा, शुभस्य शीघ्रम्. घर सत्तरच्या दशकातलं असेल तर दुधात साखर. अशा घरात करण्यासारखं इतकं असतं की त्यातलं काहीच न करता बिल मात्र पूर्ण लावता येतं. आमच्या डोंबिवलीच्या घराचं काम नुकतंच गणपतीच्या आधी उरकलं. इमारत 1976 ची, लिफ्ट नाही, गॅलरीला कबुतरांची जाळी, बाकी सगळं मूळचंच. 'उरकलं' म्हणजे नेमकं काय झालं ते पुढे येईलच. तोवर तुमच्या उपयोगी पडेल असं थोडं सांगून ठेवते.

माणूस निवडताना परवाना विचारू नका. शासनाचा विद्युत निरीक्षक विभाग आहे, तारतंत्रीला, म्हणजे वायरमनला, परवाना लागतो, ठेकेदाराला वेगळा लागतो, काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट द्यायचा असतो, हे सगळं कागदावर ठीक आहे. पण घरी चहा प्यायला बसलेल्या माणसाला असलं काही विचारणं आपल्या संस्कारात बसत नाही. शेजारच्या विंगमध्ये त्यानेच पंखे बसवलेत ना, मग झालं. तुम्ही फक्त एवढंच विचारा, "दादा, कधी येताय?" तो म्हणेल, "निघालोच, अर्ध्या तासात." पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

पैसे दिसणाऱ्या गोष्टींवर घाला. काचेची चकचकीत प्लेट, मोबाइल चार्जिंगचं भोक, अंधारात निळं चमकणारं बटण. पाहुणे आले की बोर्ड बघतात. भिंत फोडून आतली वायर बघणारा पाहुणा अजून तरी कुणाकडे आलेला नाही. शिवाय वायर बदलायची म्हणजे झिऱ्या मारा, धूळ खा, प्लास्टर करा, पुन्हा रंग द्या. कोणी सांगितलंय? त्या काळच्या बऱ्याच घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी आहेत, तशा आमच्याही. वरचं आवरण जुन्या पापडासारखं, बोट लावलं की तुकडा हातात. तिला अजिबात डिवचू नका. नव्या बोर्डाचं तांब्याचं टोक घ्या, त्या अॅल्युमिनियमला चार पीळ मारा, वरून काळी टेप गुंडाळा आणि सगळं भिंतीत कोंबून प्लेट दाबून बसवा. अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं-आकसतं, त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, पावसाळ्यातली ओल लागली की तांब्याजवळ ते कुरतडत जातं, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. पण या सगळ्याला वेळ लागतो. तोवर ठेकेदाराचा नंबर बदललेला असतो. मग एखाद्या दुपारी घरात कुणीतरी म्हणतं, "काहीतरी जळल्याचा वास येतोय का गं?" आणि सगळे आधी गॅसकडे धावतात.

अर्थची हिरवी वायर उरली असेल तर फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीला, वापरा. टाकून कशाला द्यायची?

खटका न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर, बसवला तरी दिवा विझतो. होल्डरमध्ये फेज तसाच उभा राहतो, पण तो कुठे दिसतो? बल्ब बदलायला स्टुलावर चढणाऱ्याला कळेल यथावकाश.

एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, सारखा पडतोय? मोठा बसवा. 16 अँपिअरचा पडतो ना, 32 चा पडणार नाही, ही आमच्या ठेकेदाराची विद्या. हे घर बांधलं तेव्हा त्यात चार ट्यूबलाइट, तीन पंखे आणि एक रेडिओ होता. आता 2000 वॉटचा गिझर आहे, तो एकटाच पावणेनऊ अँपिअर ओढतो. इंडक्शन आहे, मायक्रोवेव्ह आहे, बेडरूममध्ये एसी आहे. बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो, तो वाचायचा नाही, जेवण गोड लागत नाही. एमसीबी कशासाठी असतो? वायर जळू नये म्हणून. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर 32 चा एमसीबी लावला की आधी वायर जळेल, मग रंग, मग पडदा. एमसीबीला मात्र काही होणार नाही. त्याला गॅरंटी आहे. आधी चिनी मातीचे फ्यूज होते तेव्हा हीच विद्या वेगळ्या रूपात होती: तार वितळते का, घाला तांब्याचे तीन पदर. परंपरा जपायला हवी.

चार्जरला टॉप, म्हणजे पिनांचा प्लग, नसेल तर वायरीची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसा आणि वर काडेपेटीची काडी ठोका. तीन पिनांतली वरची पिन आड येत असेल तर पकडीने मोडून टाका. ती बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. असेल. पण आपल्या भोकात बसत नाही त्याला आपण काय करणार?

आता अर्थिंग, म्हणजे यंत्राच्या अंगावर आलेला करंट जमिनीत नेणारी तिसरी वायर. त्यावर एक रुपयाही घालू नका. जुन्या घरात दोनच वायरी असतात, जाणारी आणि येणारी. तिसरी ओढायची म्हणजे पुन्हा झिऱ्या, पुन्हा धूळ. आणि नवे सॉकेट तर तीन भोकांचे. मग काय करायचं? सोपं आहे. दोन इंचाचा तुकडा घ्या, सॉकेटच्या मागे अर्थचा स्क्रू आणि न्यूट्रलचा स्क्रू एकमेकांना जोडून टाका. टेस्टर लावा, दिवा लावून दाखवा, सगळं 'बरोबर' दिसतं. घरधनी खूश, ठेकेदार खूश. ही युक्ती इतकी सर्रास चालते की तिला काही नाव असेल तर मला ते तोंडावर आणायचं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे हीच युक्ती होती. भांडी घासायला मावशी येतात. त्या ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर, अनवाणी फ्रिजचं दार उघडून मला ताकाचं पातेलं देत होत्या. म्हणाल्या, "ताई, हे दार हाताला मुंग्या आणतंय." त्या दारावर स्टीलची पट्टी आहे. मी ठेकेदाराला फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, चप्पल घालून उघडा ना फ्रिज. सगळीकडे असंच असतं."

चप्पल घालून.

तर वाचकहो, पुढचा सल्ला: फ्रिजजवळ चपलांचा एक जोड ठेवा. पाहुण्यांसाठी वेगळा ठेवा. बारशाला, सत्यनारायणाला बायका दूध काढायला आत जातील त्यांनाही पुरेसे असू द्या. रांगणाऱ्या बाळाच्या मापाची रबरी चप्पल मिळते का ते मी अजून शोधतेय. गिझरच्या नळाखाली उभं राहताना अंगावर एक थेंबही पाणी पडणार नाही अशी आंघोळ शिका. हे जमलं तर वायरिंगला कशाला पैसे घालायचे?

त्या सॉकेटमागे काय चाललं होतं ते सांगते, कारण ते सांगायला ठेकेदार आला नाहीच, दुसरा माणूस आला. परवानेवाला, वयस्कर, आल्याआल्या आधी मेन बंद करणारा. त्याने प्लेट उघडली. मागे तो हिरवा तुकडा, आणि न्यूट्रलच्या तांबं-अॅल्युमिनियमच्या जोडावरची टेप तपकिरी होऊन चिकट झालेली. न्यूट्रल थोडा सैल झाला होता, पूर्ण सुटला नव्हता, म्हणून नुसत्या मुंग्या. पूर्ण सुटला असता तर फ्रिजच्या आतून आलेला फेज त्याच तुकड्यावरून थेट फ्रिजच्या अंगावर. 230 व्होल्ट, स्टीलची पट्टी, ओला हात. फ्रिज बंद पडला असता आणि मावशी तो का बंद पडला म्हणून दार धरून उभ्या राहिल्या असत्या.

मी म्हटलं, "पण आरसीसीबी आहे ना आमच्याकडे, 30 मिलिअँपिअरचा. बिलात लावलाय." त्याने वितरण पेटीत त्याचं 'टी' लिहिलेलं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. झाकण काढलं तर दोन्ही वायरी आरसीसीबीला वळसा घालून थेट पुढे. तो नुसता बसवला होता, शोभेला. कारण? तो पडत होता. अर्थातच पडत होता! जाणारा करंट आणि परत येणारा करंट सारखा आहे का, एवढंच ते यंत्र बघतं. फरक पडला की तोडतं. जुन्या, आवरण झडलेल्या वायरीतून करंट भिंतीत झिरपत होता आणि ते यंत्र ओरडून तेच सांगत होतं. त्याला गप्प केलं आणि कामाचे पैसे घेतले.

आता पुरे झाली थट्टा. मला ही गंमत पुढे रेटता येत नाहीये.

एमसीबी माणसाला वाचवत नाही. ओल्या अंगाचा अडथळा साधारण हजार ओहम धरला तर 230 व्होल्टला शरीरातून जवळजवळ पाव अँपिअर जातो. हृदय थांबवायला तेवढा भरपूर झाला आणि सहा अँपिअरच्या एमसीबीच्या तो खिजगणतीतही नाही. घरात माणूस मरत असताना तो एमसीबी शांतपणे उभा राहील. तिथे फक्त आरसीसीबी कामाला येतो आणि तुम्ही तो "सारखा पडतो" म्हणून काढायला सांगता. हो, तुम्ही सांगता. ठेकेदार एकटा नालायक नाही. पंधरा हजारांची चिमणी, ग्रॅनाइटचा ओटा, फॉल्स सीलिंगमधले दिवे, आणि अर्थची वायर म्हटलं की "ते राहू द्या, एवढी वर्षं काही झालं नाही." तुम्हाला नाही झालं. कारण तुम्ही चप्पल घालून, कोरड्या हाताने, फक्त पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडता. भांडी तुम्ही घासत नाही. फरशी तुम्ही पुसत नाही. बाथरूममध्ये बादली तुम्ही विसळत नाही. शॉक बसायचा तो जो हे करतो त्याला बसतो आणि तोही बोलत नाही, कारण ताईंना उगाच त्रास नको.

काम करायचं असेल तर नीट करा, नाहीतर जुनी काळी बटणंच राहू द्या. जुन्या अॅल्युमिनियमच्या वायरी पूर्ण काढा. दिव्यांना दीड, सॉकेटना अडीच, गिझर-एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत स्वतःची हिरवी वायर. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ. यात कुणाची आवडनिवड चालत नाही. वायरीला झेपेल तेवढाच एमसीबी. आरसीसीबी पडला तर गळती शोधा, यंत्र काढू नका. प्लेटा लावण्याआधी मेगर लावून वायरीचं इन्सुलेशन तपासून घ्या, समोर उभं राहून. मग टी दाबून बघा, पडला तरच पैसे द्या.

आणि सोसायटीवाल्यांनो, मीटरच्या पुढचं सगळं आपल्या गळ्यात आहे, महावितरण येऊन तुमच्या भिंती तपासणार नाही. घरातली हिरवी वायर शेवटी खाली इमारतीच्या अर्थिंगला जायची असते. आमच्या इमारतीचा तो अर्थिंगचा खड्डा मागच्या वर्षी पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गेला. वर आता कुणाची तरी स्कूटर उभी असते. त्यात पाणी घातलं जात नाही, त्याचा रोध कुणी मोजत नाही, तो नेमका कुठे आहे हे विचारलं तर सेक्रेटरी वॉचमनकडे बघतात आणि वॉचमन गेटकडे. येत्या सभेत गच्चीला कुठला रंग लावायचा यावर दोन तास भांडण्याआधी ते ब्लॉक उचला आणि तो खड्डा शोधा.