पाय बघायचे राहिले

दुर्बीण डोळ्याला लावली की आधी पान दिसतं. भलं मोठं, शिरा न् शिरा मोजता येतील असं. पक्षी त्या पानाच्या डाव्या अंगाला होता, हे मी शपथेवर सांगतो. दुर्बीण ८ × ४२ आहे, म्हणजे असेल ते ८ पट जवळ दिसतं. पक्षी उडालेला असेल तर त्याचं नसणंही ८ पट.

शरद सरताना परसातले पक्षी ओळखायला बसू नये, हे मला वेळेवर कोणी सांगितलं नाही. विणीच्या दिवसांत नर कसे, नटूनथटून, फांदीच्या टोकावर बसून, गळा काढून स्वतःची जाहिरात करतात. ती धांदल संपली की पिसं झडतात आणि नवी येतात ती बऱ्याचदा घरात घालायच्या कपड्यांसारखी. जांभळा शिंजीर घ्या. उन्हात चमचमणारा हा गडी विणीनंतर मादीसारखा पिवळट होतो. जुन्या थाटातली गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. माझ्या वहीत नोंद आहे : 'शिंजीर, २ माद्या. पैकी एकीने टाय लावलाय.' ही नोंद दोन आठवडे कोणी खोडली नाही, कारण वही मीच वाचतो.

पण शिंजीर परवडला. खरा छळ हिवाळी पाहुण्यांचा, त्यातही पर्णवटवट्यांचा. वजन जेमतेम ६-७ ग्रॅम, रंग पानाचा, सवय पानाआड राहायची आणि एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त न टिकायची. जाती कितीतरी, आणि सगळ्या एकाच ठाणातून कापड घेतल्यासारख्या. पुस्तक म्हणतं, तीन गोष्टी बघा : भुवई, पंखावरचे पट्टे आणि पायांचा रंग. माझ्या नोंदी अशा :

'सोमवार, ७.१२. भुवई आहे. पट्टा एक की दोन? पाय बघायचे राहिले.'

'मंगळवार, ७.२०. फक्त पाय दिसले. काळसर. बाकीचा पक्षी पानामागे. कालचाच का?'

'बुधवार. पान.'

आई मागच्या पायरीवर बसून हे सगळं बघत असते. तिला दुर्बीण लागत नाही, पुस्तक तर नाहीच.

"कसला रे पक्षी तो?"

"वटवट्या."

"मग वटवट का करत नाहीये?"

प्रश्न बिनतोड होता. या पक्ष्यांची खरी ओळख आवाजातच. गिल्बर्ट व्हाइट या इंग्लिश पाद्र्याने १७६८ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलंय की, एकसारख्या दिसणाऱ्या अशा तीन वटवट्या जाती त्याने वेगवेगळ्या सुरांवरून निवडून काढल्या. त्याचं बरोबर होतं. पण गाणं असतं विणीच्या हंगामात. माझ्याकडे येईपर्यंत यांचं गाणं थांबलेलं असतं; उरते कधीमधी एखादी 'च्वी', तीही मी शिंकत असताना.

शनिवारी मात्र नशीब उघडलं. तो चक्क कुंपणाच्या उघड्या तारेवर येऊन बसला. उन्हात. भुवई पाहिली, पंखावरचे दोन पट्टे पाहिले, आणि पाय पाहिले, दोन्ही पाहिले. मला भरून आलं. धावत पुस्तक उघडलं. जमेल तेवढी छाटणी केल्यावर उरले दोघे : ह्यूमचा वटवट्या आणि पिवळ्या भुवईचा वटवट्या. हे दोघे पूर्वी एकाच जातीत धरले जात, यावरून काय ते समजा. एक जरा जास्त राखाडी, दुसरा जरा जास्त हिरवा. कशापेक्षा जास्त, हे ठरवायला दुसरा तिथे शेजारी बसलेला हवा. खात्रीचा फरक, पुस्तकाने शांतपणे लिहिलं होतं, आवाजात.

आवाज ऐकून पक्षी सांगणारं ॲप फोनवर होतंच. सुरू केलं, फोन तारेच्या दिशेने धरला, श्वास रोखला. एक मिनिट. दीड मिनिट. हाताला रग लागली. तेवढ्यात त्याने मान वर केली, चोच उघडली आणि पायरीवरून आई म्हणाली, "अरे, बोलतोय बघ तो—"

"श्श्श!"

तो उडाला. रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. आईचं वाक्य लख्ख आहे. त्यानंतर जिथे त्याची 'च्वी' असायला हवी, तिथे नेमका माझा 'श्श्श' आहे, खणखणीत आणि लांबलचक. ॲपने त्याच्याखाली उत्तर दिलं होतं : गव्हाणी घुबड असावं.

"लागला का शोध?" आईने विचारलं.

मी वही काढली, तारीख टाकली. 'गव्हाणी घुबड, १. नर. पाय पाहिले नाहीत.'