गावाकडची पिल्लं दिवसभर पळतात, मग आमच्याला का नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण प्रश्न रास्त आहे. म्हणून दोन ओळींत न आटोपता जरा सविस्तर लिहितो. पिल्लांच्या व्यायामावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शहरातल्यांनी कुत्र्यांचे फाजील लाड चालवलेत, तुमच्या आजोबांकडची कारवानी पिल्लं दिवसभर रानात हुंदडायची, एकही लंगडं झालं नाही, ‘वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं’ हा नियम कुणीतरी मनाने काढलाय, आणि तुमचं ५ महिन्यांचं जर्मन शेफर्ड रोज स्कूटरसोबत ३ किलोमीटर पळतं नि मजेत आहे.

आजोबांच्या पिल्लांचं उदाहरण मला मान्य. पण ते माझीच बाजू मांडतंय. रानातलं पिल्लू कसं पळतं ते आठवून बघा. बांधावरून मालकामागे थोडं धावतं, मध्येच टोळामागे लागतं, ढेकळात लोळतं, काहीतरी हुंगत बसतं, आणि मालक पाळी घालत असताना बाभळीखाली पाय ताणून खुशाल झोपतं. कधी थांबायचं ते त्याचं तेच ठरवतं, आणि पायाखाली माती असते. (शिवाय कारवानी म्हणजे अंगाने सडपातळ, पळण्यासाठीच निवडत आणलेली जात. आणि त्या काळी लंगडी निघालेली पिल्लं कुणी मोजली असतील, असं मला वाटत नाही.)

स्कूटरमागे यातलं काहीच नाही. वेग तुमच्या मुठीत, खाली डांबर, आणि गळ्यात दोरी. शेफर्डसारखं कुत्रं धन्याच्या मागे जीव तोडून येतं, ‘आता बस’ म्हणून सांगत नाही. ‘मजेत आहे’ हे तुम्ही त्याच्या शेपटीवरून ठरवताय. पण या वयात त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी अजून मऊ कूर्चेचे पट्टे आहेत. हाड वाढतं ते तिथूनच. मोठ्या जातींत ते पक्के व्हायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. तोवर कडक रस्त्यावर, एकाच चालीत, न थांबता हजारो वेळा तोच हिसका बसणं वाईट. ऊन चढल्यावर तर विचारूच नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड ठेवावं लागतं.

हे नुसतं माझं मत नाही. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्रडॉर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या मोठ्या जातींची ५०० च्या आसपास पिल्लं जन्मापासून अभ्यासली गेली. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या ३ महिन्यांत जिने चढउतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार) जास्त आढळला, आणि मऊ, जरा उंचसखल जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत कमी. अभ्यास कोवळ्या वयाचा आहे हे खरं, पण त्यातलं मोकळं बागडणं म्हणजे तुमच्या आजोबांचंच रान की नाही?

पाच मिनिटांच्या नियमामागे भक्कम संशोधन नाही, हे तुमचं बरोबर. लेखात मी तो पट्टा लावून चालवण्यापुरताच दिलाय, आणि तेवढ्यापुरता तो कामाचा आहे. म्हणजे तुमच्या पिल्लाला एका वेळी २५ मिनिटं चालणं पुरे. मैदानात मनाने खेळणं त्यात धरायचं नाही. तिथे घड्याळ लावत बसू नका. फक्त चेंडू पन्नास वेळा फेकू नका. उडी मारून गर्रकन वळण्यात सांध्यांवर फार ताण येतो.

‘दमवलं नाही तर घर खातो,’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याच्या नाकाला काम द्या. सकाळच्या खाण्यातलं मूठभर गवतात विखरा, किंवा जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून टॉवेल गुंडाळून द्या. दहा-पंधरा मिनिटं हुंगून शोधलं की बहुतेक पिल्लं आपणहून आडवी होतात. संध्याकाळी जो अचानक चावरेपणा सुरू होतो, तो पुष्कळदा झोप अपुरी झाल्याचा असतो. त्यावर आणखी पळवणं म्हणजे आगीत तेल.

मग पळवायचं कधी? दीड वर्षाचा झाल्यावर डॉक्टरांकडून खुबे तपासून घ्या, मग मातीच्या वाटेवर हळूहळू सुरू करा. तोवर एक करा: त्याला चालताना आणि दुडक्या चालीत पळताना मागून मोबाईलवर टिपा. मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उडत असेल, किंवा झोपून उठल्यावर पहिली काही पावलं ताठ पडत असतील, तर दीड वर्ष थांबू नका, तो व्हिडिओ डॉक्टरांना आताच दाखवा.

जाता जाता, ‘हाडं मजबूत व्हावीत म्हणून’ तुम्ही पोटभर खाण्यावर कॅल्शियमचं औषधही देताय. ते मला स्कूटरपेक्षा जास्त खटकलं. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम नीट नाकारू शकत नाही आणि हाडांची घडण बिघडते. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं चालू असेल तर वरून काही लागत नाही. वजनही आटोक्यात ठेवा, फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. अमेरिकेत ४८ लॅब्रडॉरवर केलेल्या अभ्यासात, जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, आणि त्यांचे खुबेही चांगले राहिले. बाटली घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या, आणि ते काय म्हणतात ते इथेच खाली लिहा.