क्रमांक नसलेली बंदूक: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला आक्षेप असा की, थ्रीडी प्रिंटरवर, म्हणजे थरावर थर रचून वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर, घरी बंदूक तयार होण्याची भीती मी वाढवून सांगितली. लेथ (धातू कातण्याचे यंत्र) असलेल्या कारागिराला हे आधीपासूनच जमत होते, ८ जुलै २०२२ रोजी जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या ज्या घरगुती हत्याराने झाली त्याला प्रिंटर लागला नव्हता, आणि अशा लिखाणामुळे हौशी मंडळींकडे विनाकारण संशयाने पाहिले जाते.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मीही प्रिंटर वापरतो. गेल्याच आठवड्यात छापलेला पिशवी अडकवायचा हूक दोन थरांच्या मधोमध सरळ तुटला, आणि तुटलेल्या कडेवरच्या रेघा नखाला लागत होत्या. २०१३ मध्ये अमेरिकेतील कोडी विल्सन यांच्या डिफेन्स डिस्ट्रिब्युटेड या संस्थेने ‘लिबरेटर’ या छापता येणाऱ्या पिस्तुलाची फाइल, म्हणजे प्रिंटरला द्यायचा आराखडा, इंटरनेटवर खुली केली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या पोलिसांनी ते छापून पाहिले आणि चाचणीत एक पिस्तूल फुटले. तेवढ्यावर थांबायचे, तर आपले म्हणणे बरोबर ठरले असते.

परंतु लेथवर हात बसायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत तो माणूस उस्तादाच्या, सोबत्यांच्या, गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर असतो. फाइलमध्ये ते कसब दुसऱ्याने आधीच ओतलेले असते. अमेरिकी परराष्ट्र खात्याने लिबरेटरची फाइल काढायला लावली, तोवर दोन दिवसांत ती एक लाखाहून अधिक वेळा डाउनलोड झाली होती.

माझी खरी चिंता मात्र क्रमांकाची आहे. कारखान्यातल्या बंदुकीवर कोरलेल्या क्रमांकावरून तपास उत्पादकाकडे, तिथून विक्रेत्याकडे आणि पहिल्या खरेदीदाराकडे पोहोचतो. घरी जुळवलेल्या बंदुकीला हा माग नसतो. अमेरिकेत २०२१ मध्ये गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या अशा सुमारे २०,००० संशयित बंदुकांची नोंद झाली, म्हणजे २०१६ च्या जवळपास दहापट; यांत प्रिंटरपेक्षा विकत मिळणाऱ्या सुट्या भागांच्या किटचा वाटा मोठा होता, हे मी मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवे होते. या किटवर क्रमांक आणि खरेदीदाराची पडताळणी बंधनकारक करणारा २०२२ चा नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला, आणि मला हीच दिशा योग्य वाटते. प्रिंटरनेच आकार ओळखून छपाई अडवावी, ही सूचना मला पटत नाही, कारण एखादा सुटा भाग आणि साधी नळी यांत फरक करणे यंत्राला जमेलच असे नाही, आणि त्याचा जाच आपण म्हणता त्या निरुपद्रवी हौशी माणसालाच होईल.

राहिले आबे यांचे उदाहरण. तिथे हल्लेखोर जागीच पकडला गेला, म्हणून हत्यार कोणाचे हा प्रश्न पडलाच नाही. मी लिहिले ते त्या प्रकरणांविषयी, जिथे पोलिसांच्या हाती फक्त बंदूक लागते आणि ती उलटीपालटी करून पाहिली तरी तिच्यावर एकही अक्षर नसते.