अरे आधी मीटर लावा ना, मग पार्ट बदला!

डोकं फिरलंय नुसतं. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, केबलवाला थ्रॉटल (एक्सलेटर दाबला की उघडून इंजिनात हवा सोडणारी झडप), इंजिन आजही ठणठणीत. त्रास एवढाच की हळू चालवताना धक्के मारायची, सिग्नलला उभी असली की आरपीएम वरखाली आणि मधूनच बंद. कात्रजच्या चढावर मागे एसटी हॉर्न वाजवतीये, शेजारी आई जीव मुठीत धरून बसलीये आणि एक्सलेटर दाबला तरी गाडी ढिम्म, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

आणि गॅरेजवाले? अंदाजपंचे दाहोदरसे सगळा कारभार! प्लग बदला म्हणे, बदलले. मग कॉइल, मग फ्युएल पंप, मग थ्रॉटल बॉडी (थ्रॉटल ज्यात बसतो तो भाग) क्लीनिंग, आणि दरवेळी तेच, 'आता बघा साहेब, नवीन झाली गाडी', की परत नवले पुलाच्या आत धक्के चालू. एकाने तर सरळ सांगितलं पेट्रोलमध्येच भेसळ असणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, आणि बंबाचं बिल मात्र माझ्या नावावर.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो माहितीये? स्कॅनर लावायचा, गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड दिसला नाही की 'गाडीत काही नाही' म्हणून मोकळं व्हायचं. अहो शेवटी दोष निघाला तो थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, आणि तो जुन्या गाड्यांत म्हणजे आत एक कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा काटा, बस. गावात आपण थोडासाच एक्सलेटर देऊन चालवतो ना, मग पट्टी तेवढ्याच जागेत झिजते, तिथे काटा आला की क्षणभर सिग्नल तुटतो आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पाय काढला. हा झटका इतका छोटा असतो की बऱ्याचदा कोड पडतच नाही, आणि स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवर आकडे इतके हळू बदलतात की तो मधला झोल दिसतही नाही. मग काही नाही कसं म्हणता?

बरं शेवटी एकदा चेक इंजिनचा दिवा लागला, पी ०१२२ आला, तर म्हणे पूर्ण थ्रॉटल बॉडी टाका! अरे त्या कोडचा अर्थ सिग्नलचा व्होल्टेज कमी येतोय एवढाच आहे. वायर तुटलेली असेल, कपलरच्या (वायर सेन्सरला जोडणाऱ्या सॉकेटच्या) पिना पावसाने गंजल्या असतील, ५ व्होल्टचा सप्लायच पोचत नसेल, उंदराने वायर कुरतडली असेल. कोड सर्किट दाखवतो, मेलेला पार्ट नाही दाखवत. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या (केबलऐवजी मोटरने उघडणाऱ्या) गाडीत तर सेन्सर बॉडीच्या आतच असतो, बहुतेक वेळा अख्खं युनिटच घ्यावं लागतं, तिथे न मोजता बदलायला सांगणं म्हणजे सरळ खिसा कापणं आहे.

शेवटी पकडलं कोणी, तर एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी, काट्याचा जुना मीटर घेऊन. इग्निशन ऑन, इंजिन बंद. कपलर न काढता मागून सिग्नलच्या वायरला बारीक पिन लावली, आधी ५ व्होल्ट आणि अर्थिंग तपासून घेतलं, मग थ्रॉटल हाताने अगदी सावकाश उघडला. काटा अर्ध्या व्होल्टच्या जरा वर होता, चढायला लागला आणि थोडं उघडल्यावर धप्पकन खाली पडला, परत वर आला आणि पुढे साडेचारपर्यंत सुरळीत गेला. परत केलं, परत त्याच जागी पडला. काका म्हणाले, 'हे बघ, इथे मेलाय तो.' चहा गार व्हायच्या आत निदान! दोन स्क्रूचा सेन्सर. नवीन बसवला, भोकं लांबट होती त्यात जरा फिरवून बंद थ्रॉटलचा व्होल्टेज सेट केला आणि गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

म्हणजे ज्या गोष्टीला एक मीटर आणि एक पिन लागते ती एसी वेटिंग रूम आणि टॅबवर जॉब कार्ड असलेल्या वर्कशॉपला जमली नाही, का जमवायचीच नव्हती? माझ्या बिलांवर पार्टची नावं आहेत, लेबर आहे, टॅक्स आहे, पण एकाही बिलावर मोजलेला एक व्होल्ट लिहिलेला नाही. जुना पंप चांगला होता तो परत द्या म्हटलं तर स्क्रॅपमध्ये गेला म्हणे, आणि नवीन लावलेला परत घ्या म्हटलं तर काउंटरवरून उत्तर आलं की इलेक्ट्रिकल पार्ट रिटर्न होत नाहीत.