गुडघे चवड्यांच्या पुढे जावेत की नाही : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

बसणे, उठणे आणि जिने चढणे-उतरणे यांमागच्या बलांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. ठाण्याच्या शाळेत दीर्घकाळ शारीरिक शिक्षण शिकवलेल्या आणि आजही कचराळी तलावावर सकाळी ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेणाऱ्या शिक्षकाने इतक्या तपशिलात आक्षेप मांडल्यावर दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. इतर वाचकांसाठी तुमचे म्हणणे थोडक्यात सांगते. बसता-उठताना गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे गेले तरी चालतात, हे माझे विधान तुम्हाला धोकादायक वाटते, कारण तुम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांना याच्या उलट सांगत आलात. जिना उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो हेही तुम्हाला पटत नाही, कारण धाप लागते ती चढताना. आणि तुमचा मूळ आक्षेप असा, की शरीर म्हणजे यंत्र नव्हे. जांभळी नाक्यावरचा हमाल तरफांचे गणित न शिकता जन्मभर पोती वाहतो, तेव्हा या गणिताचा उपयोग काय? शेवटी तुम्ही विचारले आहे की तुमच्या गटातल्या ज्येष्ठांना तुम्ही नेमके काय सांगावे.

मूळ आक्षेपापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरे त्यावरच उभी आहेत. शरीर यंत्र नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. यंत्राचा भाग वापरून झिजतो, तर हाड आणि स्नायू बेताच्या भाराने बळकट होतात. एवढा एक फरकसुद्धा पुरेसा आहे. तरीही शरीराला वजन आहे, ते जमिनीवर उभे राहते आणि त्याची हाडे सांध्यांभोवती वळतात, म्हणून बल आणि अंतर यांचा हिशेब त्याला चुकत नाही. हा हिशेब पद्धतशीरपणे मांडणाऱ्यांमध्ये इटलीचे गणिती जोव्हान्नी आल्फोन्सो बोरेल्ली यांचे नाव पहिले घेतले जाते. 1679 साली त्यांचे निधन झाले आणि प्राण्यांच्या हालचालींवरचा त्यांचा ग्रंथ त्यानंतर 1680-81 मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. स्नायू थोड्या जोरात मोठे वजन उचलतात असा तोवर समज होता; प्रत्यक्षात स्नायूंना उचललेल्या वजनाच्या कित्येक पट जोर लावावा लागतो, हे बोरेल्लींनी दाखवून दिले.

हे घरच्या घरी पडताळता येते. पाच किलो तांदळाची पिशवी हातात घेऊन कोपर काटकोनात धरा. पिशवी कोपराच्या सांध्यापासून साधारण 35 सेंटीमीटरवर असते, तर ती पेलणारा दंडाचा स्नायू सांध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवरून ओढत असतो. अंतर सातपट, म्हणून जोरही सातपट : पाच किलोसाठी 35 किलोंच्या वजनाइतका, आणि त्यात हाताचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही. ही रचना तोट्याची वाटेल, पण तिचा लाभ दुसरीकडे आहे. स्नायू एक सेंटीमीटर आखडला की तळहात सात सेंटीमीटर सरकतो. गोलंदाजाच्या हाताला वेग येतो तो याच रचनेमुळे. मात्र स्नायूने लावलेला हा सगळा जोर सांध्याला दाबतो. सांध्यावर येणारा भार म्हणजे केवळ आपले वजन, अशी आपली समजूत असते आणि बहुतेक गैरसमज तिच्यातून निघतात.

आता तुमचा हमाल. त्याला गणित येत नाही हे खरे, पण तो काय करतो ते जांभळी नाक्यावर थोडा वेळ थांबून पाहा. भरलेले पोते तो एकट्याने जमिनीवरून समोर उचलत नाही. दोघे जण पोत्याचे कान धरून ते वर घेतात, तेवढ्यात तो पाठ करून खाली सरकतो आणि पोते मानेखाली, खांद्यांच्या मधोमध घेतो. मग खुब्यातून पुढे झुकतो, इतकाच की पोत्याचे वजन थेट पावलांवर उतरावे. एक हात वर नेऊन पोत्याचा कोपरा धरतो आणि गुडघे किंचित वाकवून आखूड, भरभर पावले टाकत निघतो. भार आणि मणका यांतले अंतर त्याने जवळजवळ संपवलेले असते. तेच पोते दोन्ही हातांनी छातीपुढे धरले तर काय होईल, याचा अंदाज अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुधारलेल्या सूत्रावरून येतो. त्यानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना, हात घोट्यांच्या पुढे 25 सेंटीमीटरपर्यंत असतील तर उचलण्याच्या वजनाची शिफारस केलेली कमाल मर्यादा 23 किलो आहे. हेच अंतर 50 सेंटीमीटर झाले की ती निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. वजन तेच, माणूस तोच, बदलले ते फक्त अंतर. हमालाची पद्धत का टिकली, हे गणित सांगते. आणि ओघात एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही : पद्धत उत्तम आहे म्हणून पोत्याचे वजन योग्य ठरत नाही. त्या मर्यादेच्या दुपटीचे पोते दिवसभर वाहणाऱ्या माणसाच्या मणक्याला आणि गुडघ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

'पाठ सरळ ठेवा आणि गुडघ्यांतून वाका' हा नियम मी सैल केला, अशी तक्रारही तुम्ही ओघात केली आहे. वस्तू दोन गुडघ्यांच्या मधे मावत असेल तर तो नियम चांगला आहे. पण कपड्यांची रुंद टोपली किंवा मोठे खोके उचलताना गुडघे वाकवले की तेच आड येतात आणि वस्तू शरीरापासून लांब ढकलली जाते. मग पाठ सरळ राहूनही कमरेच्या स्नायूंवर जास्त जोर पडतो. तोवरच्या अभ्यासांचा जो आढावा 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही गुडघ्यांतून वाकून उचलणे सरसकट श्रेष्ठ आहे, असे म्हणण्याइतका आधार मिळाला नव्हता. म्हणून मी आधी वस्तू जवळ ओढायला सांगते आणि कसे वाकायचे ते नंतर.

गुडघ्यांच्या प्रश्नावर मात्र थोडे अधिक थांबावे लागेल. उभे राहायचे असेल तर शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर यावाच लागतो. खुर्चीवर ताठ बसा, नडग्या अगदी उभ्या ठेवा आणि धड जराही पुढे न झुकवता, हातांचा आधार न घेता उठून पाहा. तरुण खेळाडूलाही ते जमणार नाही, कारण त्याचे वजन पावलांच्या मागे राहिलेले असते. उठायचे तर एक तर गुडघे पुढे न्यावे लागतात, नाही तर धड पुढे न्यावे लागते. सहसा आपण दोन्ही थोडे थोडे करतो. गुडघे पुढे गेले की गुडघ्यावरचा भार वाढतो. ते अडवले तर धड अधिक झुकते आणि भार खुब्याकडे व कमरेकडे जातो. तो नाहीसा होण्याचा मार्ग नाही.

हे मोजलेही गेले आहे. अमेरिकेतील मेम्फिस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, व्यायामाची सवय असलेल्या सात पुरुषांनी स्वतःच्या वजनाइतका भार खांद्यांवर घेऊन बैठका काढल्या; एकदा मोकळेपणाने आणि एकदा गुडघे पुढे जाऊ नयेत म्हणून समोर फळी लावून. फळीमुळे गुडघ्याभोवतीचे वळवणारे बल सुमारे 150 न्यूटन-मीटरवरून 117 वर आले, पण खुब्याभोवतीचे 28 वरून 303 वर गेले. माणसे मोजकीच होती, तरुण व सराव असलेली होती, म्हणून हे आकडे तुमच्या गटाला जसेच्या तसे लावू नयेत. भार कोणत्या दिशेने सरकतो, एवढे त्यांतून घ्यावे. गुडघ्याच्या वाटीमागे दुखते त्या व्यक्तीसाठी तुमचा नियम काही काळ उपयुक्त आहे आणि मीही तो सांगते. कंबर दुखणाऱ्याला तोच नियम सांगितला तर त्याच्या दुखऱ्या जागी भार जाईल. तुम्ही मुलांकडून जोर-बैठका काढून घेतल्या असतील. बैठकीत टाचा उचलल्या जातात आणि गुडघे चवड्यांच्या बरेच पुढे जातात. उकिडवे बसतानाही तसेच होते. ज्या पिढ्यांनी या हालचाली रोज केल्या, त्यांच्या गुडघ्यांना तो भार लहानपणापासून आणि हळूहळू वाढत मिळालेला होता. वीस वर्षे फक्त खुर्चीवर बसलेल्या माणसाने एका सकाळी पन्नास बैठका काढल्या तर त्याला इजा होईल, आणि तिचे कारण गुडघ्याची दिशा नसून अचानक पडलेला भार असेल.

उतरण्याविषयी तुमचा अनुभव खरा आहे, फक्त धाप आणि सांध्यावरचा भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढताना स्नायूंना सगळे वजन वर उचलावे लागते, त्यासाठी प्राणवायू अधिक लागतो आणि धाप लागते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवर घालत असतो. या कामाला प्राणवायू कमी लागतो, कारण थोडेच स्नायूतंतू मोठा जोर पेलतात, आणि म्हणून प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. माहुली किल्ला उतरून आल्यावर दम लागलेला नसतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या यामुळे. सांध्याबद्दल बोलायचे तर बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांत संवेदक बसवून पाच रुग्णांच्या सांध्यांवरचा भार थेट मोजला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केला. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या सरासरी 2.6 पट, जिना चढताना 3.2 पट आणि उतरताना 3.5 पट भरला. साठ किलोंच्या माणसासाठी शेवटचा आकडा 210 किलोंच्या घरात जातो. ठाणे स्थानकाच्या पुलावरून फलाटावर उतरणाऱ्या ज्येष्ठांकडे पाहिले तर कित्येक जण कठडा धरून, थोडे तिरके होऊन, दोन्ही पाय एकाच पायरीवर आणत उतरताना दिसतील. मागची गर्दी त्यांच्यावर खेकसते, पण त्यांचे शरीर अगदी योग्य तेच करत असते.

तेव्हा तुमच्या गटासाठी माझे म्हणणे असे. ज्यांना दुखत नाही त्यांना उंच खुर्चीवरून हात न लावता उठ-बस करू द्या, गुडघे थोडे पुढे गेले तर टोकू नका आणि काही आठवड्यांनी खुर्चीची उंची कमी करा. गुडघा दुखणाऱ्यांना धड पुढे झुकवून उठायला शिकवा, कंबर दुखणाऱ्यांना पावले मागे घेऊन. जिन्यावर दुखरा पाय असेल तर चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी टाकायला सांगा, कारण चढताना वरचा पाय शरीर उचलतो आणि उतरताना मागे राहिलेला पाय ते सावरत खाली सोडतो. दोन्ही वेळा जड काम चांगल्या पायाकडे जाते.

काठीकडेही एकदा पाहा. तलावावर अनेक जण ती दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. खुबा दुखत असेल तर ती विरुद्ध हातात हवी. एका पायावर भार असताना त्या खुब्याच्या बाजूचा स्नायू सांध्यापासून सुमारे पाच सेंटीमीटरवरून धड तोलून धरतो, तर विरुद्ध हातातली काठी त्या सांध्यापासून साधारण 40 सेंटीमीटरवर टेकलेली असते. म्हणून काठीवर सहा किलोंचा जोर दिला तरी स्नायूचा जवळपास 48 किलोंचा जोर वाचतो आणि तेवढाच दाब सांध्यावरून उतरतो. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, म्हणजे कोपर किंचित वाकलेले राहते. ज्यांच्या गुडघ्याला सूज आहे किंवा रात्री झोपेतही दुखते, त्यांना मात्र व्यायाम देण्याआधी डॉक्टरांकडे पाठवा.